मी रजेवर आहे, संपर्क सुभेदार निकम

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार. सातारा

मिरजेच्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणजे शेजारी सुभेदार निकमांकडे आला आणि त्यांनी भिंतीवर टकटक केली. आमचा फोन म्हणजे त्यांचा फोन. नंबरापुढे 'पी.पी. सुभेदार निकम' लिहून आम्ही तो लग्नपत्रिकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे देऊन ठेवलाय.

गळ्यातल्या गाठीत सुई घालून तपासलं, त्यात काही कळलं नाही. चांगली असेल, वाईटही असेल. काढल्याशिवाय सांगता येत नाही. गाठ थायरॉइडची, डाव्या बाजूची. आवाजाची नस तिथूनच जाते, तेव्हा थोडे दिवस आवाज बसेल, क्वचित जास्तही. हे डॉक्टर इतक्या गोड आवाजात बोलले की मला रागच आला.

सुभेदार खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत उभे होते, ऐकत नसल्यासारखे. सगळं ऐकलं असणार. फोन ठेवल्यावर म्हणाले, ताई, चहा घेऊन जा.

१० नोव्हें., मंगळ.

ऑफिसात सांगायचं नाही, हे नक्की. दोन वर्षांपूर्वी अकौंट्सच्या बापटबाई आजारपणाची लांब रजा घेऊन परत आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर दुसरं कोणी बसलेलं. बाईंना गेटजवळच्या रेकॉर्डरूममध्ये पाठवलं. कोणी वाईट बोललं नाही. सगळे खूप प्रेमानं वागले. तेच जास्त लागतं.

घरी मूलबाळ नाही, त्यामुळे सांगायची माणसं थोडी. हे वडूजला हायस्कूलवर गणित शिकवतात, तिथंच खोली घेऊन राहतात, शनिवारी येतात. सांगलीला माझी मोठी बहीण माई. झालं.

११ नोव्हें., बुध.

देशमाने साहेबांकडे रजा मागितली. कारण: घरगुती. त्यांनी कारणाकडे बघितलंही नाही, कॉम्प्युटरकडे बघितलं. "आणि ईमेलचं काय?"

आमच्या कारखान्यात ईमेल आलं त्याला फार दिवस झाले नाहीत. एक मशीन, एक फोन लाइन, आणि ते चालवणारी एकटी मी. पंपाचे व्हॉल्व्ह परदेशात जातात, पूर्वी सगळं टेलेक्स-फॅक्सवर होतं. आता डेन्मार्कच्या कारेनबाई रोज सकाळी दोन ओळी टाकतात आणि मी दोन ओळी टाकते. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. पण त्यांच्याकडे बर्फ कधी पडलं ते मला माहीत असतं आणि आमच्याकडे लाइट कधी गेली ते त्यांना.

दे.सा. मुंबईला शिकून आलेत, त्यांना ठाऊक होतं की मशीनला एक सोय असते. आपण नसताना पत्र आलं की मशीन आपणहून ठरवलेलं उत्तर धाडतं. "ते लावून जा. त्यात परतीची तारीख पाहिजे. तारीख नसली तर पार्टीला वाटतं कंपनी बुडाली."

तारीख. मी हो म्हटलं आणि टेबलावर येऊन बसले. डॉक्टर तारीख देत नाहीत, साहेबांना हवीय.

१२ नोव्हें., गुरु.

उत्तराचा मसुदा. इंग्रजीत लिहिला, इथं आपला मराठीत उतरवते:

"महोदय, विनम्रपणे कळविण्यात येते की खाली सही करणारी काही अपरिहार्य घरगुती अडचणीमुळे कामावर हजर राहू शकत नसून, त्यामुळे आपणांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक दिलगीर असून, आपल्या बहुमोल पत्राचा योग्य तो विचार..."

वाचून बघितलं. चौथीतल्या पोराचा रजेचा अर्ज. फाडला.

दुसरा मसुदा आणखी वाईट. त्यात मी दोनदा माफी मागितली होती. गाठ मला, ऑपरेशन मला, माफी पण मीच मागायची?

१४ नोव्हें., शनि.

हे दुपारच्या गाडीनं आले. वडूजहून पेरू आणि कोणाच्या तरी मळ्यातला हरभरा. मी डॉक्टरांचं सांगितलं. ह्यांनी पेरू कापला, माझ्यापुढे ठेवला, आपला ठेवला नाही. मग 'मसुदा दाखव' म्हणाले. मला हसूच आलं. पण ह्यांचं असंच आहे, दुखणं ह्यांच्या हातात नाही, कागद हातात आहे.

लाल पेन काढलं. हो, घरीसुद्धा. माझ्या मसुद्यावर शेरा: 'पक्ष काय, साध्य काय?' भूमितीच्या वहीवर मारतात तसा.

म्हणाले, "माणूस दारावर आलाय. कुलूप दिसतंय. त्याला तुझं दुखणं कशाला सांगतेस? किल्ली कुणाकडे ते सांग."

खरं म्हणजे आपण दारावर खडूनं तेवढंच लिहून जातो, किल्ली शेजारी. कुठं गेलो, का गेलो, कोण लिहीत बसतं. म्हटलं, साधं होतं की हे.

मग झरझर लिहिलं:

"मी रजेवर आहे. अमुक तारखेला परत येईन. काम थांबण्यासारखं असेल तर माझी वाट पाहा. तातडीचं असेल तर..."

इथं अडकले. हे म्हणाले, कारण एका शब्दानंसुद्धा लिहू नको, कारण दिलं की समोरचा प्रश्न विचारतो. हे मला पटलं. पंचवीस वर्षं ह्यांनी मला एकही कारण न सांगता सगळं केलंय.

१५ नोव्हें., रवि.

हे संध्याकाळी परत वडूजला. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत. 'ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतो' म्हणाले. बसस्टँडवर मी सोडायला गेले नव्हते कधी, आज गेले. गाडी सुटताना ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, टाटा करायला नव्हे, नुसताच बाहेर ठेवला.

१६ नोव्हें., सोम.

दे.सा. म्हणाले, तातडीच्या कामाला माझं नाव टाकू नका, परदेशी फोन आले की माझी मीटिंग मोडते. तुमचाच नंबर द्या, तुम्ही घरी असालच.

घरी नसणार हे सांगितलं असतं तर कुठं ते सांगावं लागलं असतं. म्हणून आपल्या नेहमीच्या सवयीनं नंबर टाकला. फोन अमुक, सुभेदार निकम. किल्ली शेजारी.

तारखेच्या जागी बराच वेळ रिकामं ठेवलं. बोट कीबोर्डवर, पुढे काही नाही. ती रिकामी जागा बघवेना. शेवटी ७ डिसेंबर टाकून दिली, सोमवार आहे म्हणून. ही तारीख कुणी दिलेली नाही, मीच घेतलीय. खोटं बोलतेय की नवस बोलतेय, कळत नाही.

१७ नोव्हें., मंगळ.

उत्तर आपोआप जाणार, पण मशीन चालू पाहिजे आणि फोन जोडलेला पाहिजे. त्याशिवाय पत्रं येतच नाहीत. म्हणजे रोज कुणीतरी बसून जोडायला हवं. दे.सा.नी स्टोअर्सच्या जगतापांना नेमलं. जगताप मूळचे खटावकडचे, बाप मेंढरं राखायचा, आता दोन भाऊ शेती बघतात. स्टोअर्सचं दार माझ्या टेबलाला लागूनच, एवढीच त्यांची पात्रता. कॉम्प्युटरला आजवर हात लावलेला नाही.

शिकवलं. फोनची कर्रर्र शिट्टी ऐकून ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम, ह्ये रडतंय का काय?" म्हटलं, रडू दे, थांबलं की लागला समजा. माझ्या खुर्चीत बसून दोनदा करून बघितलं. उठल्यावर खुर्ची पुसली.

१९ नोव्हें., गुरु.

ऑफिसचा शेवटचा दिवस. मी स्वतःलाच एक पत्र पाठवून बघितलं. लगेच उत्तर आलं, मी रजेवर आहे. मी इथं बसलेली आणि माझंच उत्तर म्हणतंय मी नाही. पण नीट लिहिलं होतं, हे मात्र कबूल. थोडक्यात, आणि कुणापुढे न वाकता.

सुभेदारांना सांगितलं, कदाचित एखादा फोन येईल, परदेशातून. उभे राहिले. ते सैन्यात सिग्नल्समध्ये होते, सगळी नोकरी निरोप इकडून तिकडे करण्यात गेली. म्हणाले, ताई, ड्यूटी आहे. मी म्हटलं, कशाची ड्यूटी, येणारच नाही कुणाचा.

आणि मिरजेचं कुणाला सांगायचं नाही. "नाही," म्हणाले.

२१ नोव्हें., शनि. सांगली

माईकडे. माईनं मला दारातच मिठी मारली आणि रडली. मग मी तिला धीर देत बसले, अर्धा तास. पेशंट कोण?

इथून मिरज जवळच. उद्या भरती व्हायचंय.

२२ नोव्हें., रवि. मिरज

हॉस्पिटल. खाट खिडकीशी. समोरच्या गल्लीत तंबोऱ्यांचं दुकान आहे, एक माणूस दिवसभर एकच तार पिळून वाजवून बघतो. तार जमेना त्याची. मला त्याच्याशी फार आपलेपणा वाटला.

हे आले. पिशवीत तपासायचे पेपर. रात्रभर बसणार म्हणे बाकावर.

भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे निघून जाईल. आवाजाची जास्त वाटते, का कोण जाणे. वाईट निघालं तर काय ते पुढचं पुढं. पण आवाज गेला तर मी भांडू कशी?

२५ नोव्हें., बुध.

परवा झालं. आज बसता आलं.

आवाज नाही. तोंड उघडलं की हवा येते. डॉक्टर म्हणाले, बोलायचा प्रयत्नच करू नका. ह्यांनी पाटी आणली, खरी, दगडी, लाकडी चौकटीची. कुठून आणली देव जाणे. त्यावर मी पहिलं लिहिलं ते 'पाणी', दुसरं 'पेपर तपासून झाले?'

गाठ तपासायला गेलीय. आठवडाभर तरी लागेल.

तंबोऱ्यावाल्याची तार जमली. किंवा त्यानं नाद सोडला.

२७ नोव्हें., शुक्र. सांगली, माईकडे

घरी सोडलं. दुपारी माईचा फोन वाजला. माईनं घेतला, ऐकलं, रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाली, "शकू, कुणी सुभेदार आहेत. म्हणतात, डेन्मार्कचा निरोप."

बोलता येत नाही. माईनं फोन माझ्या कानाला लावला, म्हणजे नुसतं ऐकायचं. सुभेदारांनी रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं, मी इथं घालते:

बुधवारी दुपारी कारेनबाईंचा फोन आला. त्यांनी मेल टाकलं होतं, माझं उत्तर गेलं, उत्तरात सुभेदार निकम हे नाव. त्यांना वाटलं हे माझ्या जागी आलेले ऑफिसर. सुभेदारांनी 'येस मॅडम' म्हणून निरोप घेतला. लाकडी पेट्यांवरचं लेबल बदललंय, जुन्या लेबलानं माल गेला तर तिकडच्या बंदरात अडकेल. नवीन लेबल मेलमध्येच आहे, मेल तीन दिवस तसंच पडून.

मग बाईंनी विचारलं, शकुंतला कुठं आहे?

सुभेदार म्हणाले, "ताई, कुणाला सांगायचं नाही म्हणजे इथल्या कुणाला, असं मी धरलं. ती बाई सातासमुद्रापलीकडची. आणि खोटा निरोप मी आयुष्यात दिला नाही. मास्तरांनी फोनवर कळवलं होतं तेवढंच सांगितलं, ऑपरेशन सक्सेसफुल, व्हॉइस नॉट वर्किंग."

मी पाटीवर लिहिलं 'अरे देवा'. सुभेदारांना दिसणार थोडंच.

पुढचं आणखी. निरोप पोचवायचा म्हणून ते स्कूटर काढून एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर गेले. गेटवरचा वॉचमन त्यांच्याच पलटणीतला निघाला, कसा नाही निघणार, अर्धा सातारा ह्यांच्या पलटणीतला. त्यानं थेट दे.सा.च्या केबिनमध्ये नेलं. सुभेदारांनी केबिनमध्ये उभं राहून निरोप दिला. दे.सा.नी विचारलं, पण हा निरोप तुमच्याकडे कसा? आणि मग सगळं बाहेर आलं. नंबर, मिरज, गाठ, सगळं.

"साहेब आधी तापले," सुभेदार म्हणाले. "मग बसा म्हणाले. मग पाणी मागवलं. स्वतःसाठी."

फोन ठेवल्यावर मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडले. माई म्हणते, जेव. जेवण गिळायला दुखतं आणि नुसतं बघायला राग येतो. बापटबाईंची रेकॉर्डरूम डोळ्यांसमोर.

२८ नोव्हें., शनि.

ह्यांना सगळं पाटीवर लिहून दाखवलं, तीनदा पुसून. ह्यांनी वाचलं. म्हणाले, "किल्ली शेजारीच ठेवली होतीस. शेजारी दार उघडणारच."

चिडले मी. मग ते म्हणाले, लेबल तरी वेळेवर बदललं ना. मी लिहिलं, तुम्ही गणितवाले. ते हसले आणि दुपारभर माझ्या पायाशी बसून राहिले, पेपर न तपासता.

२९ नोव्हें., रवि.

आज जगताप आले. साताऱ्याहून गाडीनं, हातात कंदी पेढ्यांचा पुडा आणि बगलेत फाइल. माईला वाकून नमस्कार. माझ्याकडे बघितलं, गळ्याच्या पट्टीकडे बघायचं टाळलं.

फाइलमध्ये माझी सगळी पत्रं छापून आणलेली. सर्वांत वर कारेनबाईंची. त्यांनी लवकर बरी हो म्हणून लांब पत्र लिहिलंय, शेवटी फुलाचं एक चिन्हही काढलंय कंसांनी. आणि त्याखाली माझं उत्तर, आपोआप गेलेलं: मी रजेवर आहे. काम थांबण्यासारखं असेल तर माझी वाट पाहा. तातडीचं असेल तर सुभेदार निकम.

मी हसले. आवाज नाही आला, पण पोट दुखेपर्यंत हसले. टाक्याला हात लावून. जगतापही हसले, मग घाबरले की मला काही होईल.

त्यावर बाईंनी पुन्हा सुभेदारांना फोन केला म्हणे. उत्तर मिळालं, समजलं, मी वाट पाहते, एवढंच सांगायला. लेबल बदलून माल गेला. दे.सा.नी बाईंना लिहून विचारलं होतं की तोवर दुसरा माणूस देऊ का. बाईंनी नको कळवलं.

मग जगतापांनी खाली बघत सांगितलं. लिहिते तसंच:

"मॅडम, तुमच्या खुर्चीवर कुनी बसलं न्हाई. दुसऱ्याच दिवशी एक ट्रेनी आलता बसाया, मी म्हनलं न्हाई, उठ. मी बी बसलो न्हाई. स्टोअर्समधनं स्टूल आनलाय मी. स्टुलावर बसूनच फोन जोडतोय रोज."

मी पाटी उचलली. 'पेढे घ्या' लिहिलं. त्यांचेच पेढे.

बापटबाईंना मात्र कुणी स्टूल आणला नव्हता, मी पण नाही. हे मनात आलं. असो. ते पुढं कधी.

१ डिसेंबर, मंगळ.

रिपोर्ट नाही. उद्या या म्हणाले. हे शाळेला रजा टाकून थांबलेत. कारण: घरगुती. मी बघितला अर्ज.

माई दोन वेळा गणपतीला जाऊन आली. तिसऱ्यांदा जायला निघाली तेव्हा मी पाटीवर लिहिलं, गणपतीला थोडी विश्रांती दे.

२ डिसें., बुध.

रिपोर्ट नाही.

पेपर तपासून संपले. ह्यांनी दुसऱ्यांदा तपासायला घेतले.

३ डिसें., गुरु.

गाठ चांगली.

चांगली. साधी. कुठं जायचं नाही, काही करायचं नाही. डॉक्टरांनी कागद फिरवून दाखवला आणि बोटानं ती ओळ दाखवली, मला इंग्रजी येतं हे विसरून. मी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. मग बसले.

हे 'आलो हं' म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. बघायला गेले तर व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धूत होते. पुन्हा पुन्हा, थांबून, पुन्हा. चष्मा खिडकीवर ठेवलेला. मी तो उचलून पदरानं पुसला आणि उभी राहिले. वळले, बघितलं. म्हणाले, धूळ फार आहे इथं.

मला त्यांना नावानं हाक मारायची होती. आजवर कधी मारली नाही, आपल्यात नाही मारत. आज मारली असती. आवाज असता तर.

किती हलकं वाटतंय. मिरजेच्या बाजारातनं चालत आलो, रिक्षा केली नाही. ह्यांनी भडंग घेतलं. मला खाता येत नाही, तरी घेतलं.

४ डिसें., शुक्र.

सकाळी झोप पूर्ण झाल्यावर जाग आली. किती दिवसांनी.

माईनं सुभेदारांना फोन करून सांगितलं. मग ते म्हणाले, मेसेज रिसीव्ह्ड. वहिनी मागून रडत होत्या म्हणे, निकमवहिनी. त्यांना सांगितलं होतं की काय? नाही, भिंत पातळ आहे.

५ डिसें., शनि.

डॉक्टरांना दाखवलं. टाके चांगले. आवाज: गळ्यातली दोरी पूर्ण हलत नाही अजून, बहुतेक येईल, दोन महिने लागतील, थोडा घोगरा राहीलही. नक्की सांगता येत नाही. पुन्हा तेच वाक्य. पण आज राग आला नाही. घोगरा तर घोगरा.

सकाळपासून एकेक अक्षर काढून बघतेय. 'आ' निघतो, भांड्याचा तळ घासल्यासारखा.

सोमवारी सात तारीख. मीच घेतलेली. डॉक्टर म्हणतात जा हवं तर, पण फोनवर बोलायचं नाही, ओरडायचं नाही. एक्स्पोर्टच्या टेबलावर बसून हे कसं जमायचं?

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "वडूजला ये. खोली लहान आहे. पण ऊन चांगलं येतं."

एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी राहिलेली नाही. एकदा जाऊन आले होते, दारातूनच, एसटी पकडायची होती. मला तर ह्यांच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही आठवत नाही.

६ डिसें., रवि.

नवीन उत्तर लिहिलं. लाल पेनाशिवाय. मी रजेवर आहे. काम थांबण्यासारखं असेल तर वाट पाहा. तातडीचं असेल तर सुभेदार निकम, ते आता कंपनीत ओळखीचे आहेत.

दे.सा.ना माईकरवी घरी फोन करून विचारलं, रजा वाढेल, तारीख नाही, चालेल का. विचार करून म्हणाले, ठीक आहे, पण तो माणूस रोज स्कूटरवरून येऊन माझ्या केबिनमध्ये सॅल्यूट मारतो, त्याचं काहीतरी करा.

तारखेची ओळ रिकामी ठेवलीय. आज त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत बसले, नुसतीच, उन्हात.

७ डिसें., सोम.

दुपारी वडूजची गाडी. त्याआधी ऑफिसात फोन करायचा होता, उत्तर बदलून घ्यायला. माई करते म्हणाली. मी नको म्हटलं, म्हणजे मान हलवली, आणि मीच नंबर फिरवला.

जगतापांनी उचलला. "हॅलो. कोन?"

मी बोलले. काय निघालं ते मलाच कळलं नाही. पुन्हा हॅलो, कोन. पुन्हा प्रयत्न केला. ठेवतील आता, असं वाटलं. हे शेजारी उभे होते, हातात पिशवी, हलले नाहीत.

तिकडून स्टूल सरकल्याचा आवाज. मग:

"मॅडम व्हय? वळाकलं. सावकाश बोला, मी हाय."

नवीन उत्तर एकेक शब्द करून सांगितलं. घोगरं, तुटक, पण माझंच. त्यांनी प्रत्येक शब्द परत म्हणून लिहून घेतला. शेवटी विचारलं, तारीख काय टाकू?

म्हटलं, अजून ठरलं नाही.

"बरं," जगताप म्हणाले. "मग स्टूल ऱ्हाऊ द्या हितंच."